धागा: लेगोची मारुती ओम्नी, १:११ प्रमाणात. इंजिन होतं तिथेच मोटर बसवायची आहे (मागच्या अ‍ॅक्सलची अडचण)

तांबडीमाती | ४ ऑक्टोबर, रात्री १०.१२

मंडळी, मार्चपासून ज्या कामात बुडाले आहे ते आता एका जागी अडलंय, म्हणून हा धागा. थोडा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण नीट कळायची नाही.

आमच्या घरी ओम्नी होती. बाबांनी ती २१ वर्षं फोंड्याला भाड्याने चालवली. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे अशी देवळं दाखवून बाणस्तारीच्या पुलावरून प्रवाशांना करमळी स्टेशनवर सोडायचं, हा त्यांचा नेहमीचा फेरा. सुट्टीत मीही पुढे बसून जायची. ज्यांनी ओम्नीत पुढे बसून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको: इंजिन पुढच्या सीटच्या खाली. दुपारपर्यंत सीट अशी तापायची की बाबा खाली गोणपाटाची घडी घालायचे. पाणी-ऑइल बघायचं तर बॉनेट नाही, सीटच उचलायची. ती सीट उचलून आत वाकलेले बाबा हे माझं त्या गाडीचं सगळ्यात पक्कं चित्र आहे.

गाडी गेली. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे सोप्यावर बसून असतात. त्यांच्यासाठी लेगोची ओम्नी करायला घेतली. नुसती कपाटात ठेवायची नव्हे, चालणारी. आणि पहिल्या दिवसापासून अट एकच: मोटर पुढच्या सीटखाली, तिथून शाफ्ट मागे, मागची चाकं फिरणार. खऱ्या गाडीत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन जसं मागच्या चाकांना जोर द्यायचं तसंच. मोटर मागच्या अ‍ॅक्सलला चिकटवून बसवली असती तर काम दोन आठवड्यांत संपलं असतं. पण मग ती ओम्नीचा मुखवटा घातलेली दुसरीच कुठलीतरी गाडी झाली असती.

आता मापं. मी सुरुवात टायरपासून केली, कारण बाकी सगळं हवं तेवढं लहान-मोठं बांधता येतं, टायर मात्र मिळतात त्याच मापाचे घ्यावे लागतात. ओम्नीचा १२ इंची रिमचा टायर बाहेरून साधारण ५४० मिमी. लेगोचा ४९.५ मिमीचा टायर घेतला की प्रमाण १:११ येतं. मग लांबी ३३७० मिमीची ३०६, रुंदी १४१० ची १२८, उंची १६४० ची १४९ आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १८४० चं १६७ मिमी. एक स्टड (ठोकळ्यावरचा एक उंचवटा, लेगोचं माप) ८ मिमीचा, म्हणजे रुंदी बरोबर १६ स्टड आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर २१ स्टड. हे जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. खटकतो तो फक्त टायरचा जाडेपणा. खऱ्या मापाने १३ मिमी हवा, आहे २० चा. तेवढं मी सोडून दिलं.

आतली मांडणी अशी: लेगोच्या जुन्या पॉवर फंक्शन्स मालिकेतली एल मोटर ड्रायव्हरच्या सीटखाली, शेजारच्या सीटखाली स्टिअरिंगचा सर्वो (पुढची चाकं वळवणारी मोटर). एल मोटर ३ स्टड रुंद, सर्वोही ३, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी बसतात. पण त्यामुळे मोटर मध्यापासून २ स्टड उजवीकडे गेली. तिला मध्यावर आणायला मोटरपाशीच १२ आणि २० दात्यांची जोडी लावली. मग लांब शाफ्ट, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा सांधा), आणि मागे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच): १२ दात्यांवरून २८ वर. मागचा अ‍ॅक्सल आख्खा वर-खाली हलतो, खऱ्या गाडीसारखा. पाट्यांच्या जागी स्प्रिंगचे शॉकअप आहेत.

अडचण: सपाट लादीवर गाडी सुरेख चालते. दारात स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार केलाय, तिथे घातली की मागून टक-टक-टक असा आवाज येतो आणि चाकं थांबतात. मोटर फिरत राहते. वजन १ किलो १८० ग्रॅम. एक्सएल मोटर घ्यायचा विचार करतेय, पण ती ५ बाय ५ स्टडची, सीटखाली मावत नाही. मावली तर सर्वोला जागा उरत नाही. काय करावं?

शेवंती | ४ ऑक्टोबर, रात्री १०.५०

ताई, वाचून आमची ओम्नी आठवली. सरकत्या दाराचा तो घर्रर्र आवाज! माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, साधे ब्लॉक भरपूर जोडतो. त्याला मोटरवालं काही द्यायचं तर कुठून सुरू करावं?

गिअरदांडी | ४ ऑक्टोबर, रात्री ११.३५

तांबडीमाती ताई, मोटर बदलू नका. आधी हिशेब करू.

उताराची लांबी आणि उंची मोजून सांगाल? आणि आणखी एक नेमकं सांगा: टक-टक उताराच्या मध्यावर होते की अगदी तळाशी?

शेवंतीताई, मुलाला आधी मोटरशिवाय गिअर खेळू द्या. एक लांब बीम (भोकांची पट्टी), दोन अ‍ॅक्सल, एक ८ दात्यांचा आणि एक २४ चा गिअर, आणि हाताने फिरवायला एक दांडा. लहान फिरवला की मोठा तीनपट हळू पण तीनपट जोराने फिरतो, हे बोटांना एकदा कळलं की मोटर हातात आल्यावर तो नुसतं सूचनापुस्तक बघून जोडणार नाही. शिवाय या गिअरांची गंमत अशी की दात्यांचा आकडा म्हणजेच गिअरचा मिमीतला व्यास. ८ दात्यांची त्रिज्या ४ मिमी, २४ ची १२, बेरीज १६, म्हणजे बरोबर २ स्टड. ८ आणि ४० घेतले तर ४ अधिक २०, २४ मिमी, ३ स्टड. कुठले दोन गिअर कुठल्या भोकांत बसतील ते बेरीज-वजाबाकीने काढता येतं. तिसरीतल्या मुलाला हे जमतं, मी माझ्या भाच्याला शिकवलंय.

तांबडीमाती | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

कामावर निघायच्या आधी मोजलं. उताराची लांबी १९० सेमी, उंची २४ सेमी. आणि तुम्ही विचारलंत म्हणून आज पहिल्यांदा आवाज ऐकण्याऐवजी गाडीकडे बघितलं. आवाज तळाशीच होतो. पुढची चाकं चढतात, मागची उताराच्या कडेला टेकली की टक-टक. हाताने उचलून मध्यावर ठेवली तर चढते!

गिअरदांडी | ५ ऑक्टोबर, दुपारी १.१५

मला वाटलंच होतं.

बघा, १९० ला २४ म्हणजे साधारण आठास एक चढ. १ किलो १८० ग्रॅमची गाडी मागे खेचणारा जोर सुमारे १५० ग्रॅमचा. चाकाची त्रिज्या अडीच सेमी धरली तर चाकांवर ३७० ग्रॅम-सेमी पीळ हवा. तुमचा एकूण गिअर १.६७ गुणिले २.३३, म्हणजे ३.८९. मोटरवर भार आला ९५ ग्रॅम-सेमी. एल मोटर ९ व्होल्टला पूर्ण अडवली तर सुमारे १८ न्यूटन-सेंटिमीटर देते, म्हणजे १८०० ग्रॅम-सेमीच्या वर. तुम्ही चार्जिंगचे सेल वापरत असाल तर सहा सेलचे ७.२ व्होल्टच होतात, तरी गिअरांच्या घर्षणासकट मोटरपाशी भरपूर शिल्लक आहे. एक्सएलचा जोर एलच्या दुपटीहून जास्त असतो खरा, पण तुमच्या गाडीत तो आणखी लवकर दाते सोडवेल.

चढाचं काही नाही, ती तळाची कड आहे. चाक कडेला टेकून थांबतं, मोटर थांबत नाही, ती आपला सगळा जोर लावते आणि तो ३.८९ पटीने मागे पोचतो. तेवढ्यात जे सगळ्यात ढिलं असेल ते सरकतं. तुमच्याकडे ढिलं आहे ते १२ आणि २८ चं जोडकाम. त्या १२ च्या मागे काय आहे? फोटो टाका.

साखळीकर | ५ ऑक्टोबर, रात्री ८.०५

मी लेगो कधी हातात धरलेलं नाही. पण साखळीला ३४ वर्षं गॅरेज चालवलं, ओम्नीचे मागचे अ‍ॅक्सल किती उघडले त्याची गणती नाही, म्हणून लिहितो.

पोरी, तू जे १२ आणि २८ म्हणतेस त्याला आम्ही क्राऊन-पिनियन म्हणतो. पिनियन म्हणजे शाफ्टच्या टोकाचं लहान, क्राऊन म्हणजे डिफरन्शियलवरचं मोठं. दोन्हीचे दाते तिरके. तिरके दाते एकमेकांवर रेटले की नुसते फिरत नाहीत, एकमेकांना दूरही ढकलतात. गाडी जितकी ओढेल तितका पिनियन मागे पळायला बघतो. म्हणूनच खऱ्या गाडीत पिनियनला एक बेअरिंग पुरत नाही. दोन टेपर बेअरिंग एकमेकांच्या उलट दिशेने बसवतात, मध्ये शिम (पातळ चकती) घालून खेळ काढतात. एका शिमचा फरक पडला तरी गाडी रडायला लागते. म्हाताऱ्या ड्रायव्हरला तो आवाज लांबून ओळखू येतो, तुझ्या बाबांना विचार.

बसवणी बरोबर झाली का हे बघायला आम्ही क्राऊनच्या दातांना निळा रंग लावून हाताने फिरवायचो. पिनियनचा ठसा दाताच्या मध्ये उमटला तर ठीक. टोकाला उमटला तर अजून आत घ्यायला हवा. तुझ्या गाडीतही हाच रोग दिसतो.

तांबडीमाती | ५ ऑक्टोबर, रात्री ११.४०

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते खूप वेळ मान हलवत होते.

मग निळा रंग नाही म्हणून पाटीवरचा खडू कुटून त्याची पूड डिफरन्शियलच्या गडद करड्या दातांवर बोटाने चोळली. गाडी उलटी करून चाक हाताने अडवलं आणि मोटर क्षणभर चालवली. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर प्रत्येक दाताच्या अगदी टोकावर केसाएवढी पट्टी पुसलेली, बाकी दात पांढरेच. आणि चाक अडवलेलं असताना १२ चा गिअर अ‍ॅक्सलसकट मागे सरकताना मला डोळ्यांनी दिसला. अर्धा मिमी असेल, पण दिसला. त्याच्या मागे बुश (अ‍ॅक्सलवर चढवायची छोटी कडी) आहे, पण बुशच्या मागे काहीच नाही. म्हणजे तो टेकायचा कशाला?

बाबा म्हणाले, "शिम ना तिका."

उसगावचो | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

मी कॉलेजात आहे, सध्या रात्री आमच्या वाड्यावर दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचं काम चालू आहे. यंदा त्याचा हात वर-खाली होणार आणि मान वळणार. हाताला भंगारातली वायपर मोटर लावलीय. तिच्या आत वर्म गिअर (स्क्रूसारखा आटे असलेला) असतो, म्हणून करंट बंद केला तरी एवढा जड हात खाली घसरत नाही. ताईंच्या गाडीत लेगोचा वर्म गिअर लावला तर दाते सुटायचा प्रश्नच मिटेल ना?

आणि कोणाला ठाऊक नसेल तर: २०१८ मध्ये लेगोवाल्यांनी बुगाटी शिरॉन आख्खी खऱ्या मापाची केली होती, टेक्निकच्या (लेगोच्या गिअर-बीमवाल्या मालिकेच्या) १० लाखांहून जास्त तुकड्यांची. पॉवर फंक्शन्सच्या २,३०४ मोटर, वजन दीड टन, आणि माणूस बसवून ताशी २० किलोमीटरच्या वर चालवली. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेन.

गिअरदांडी | ६ ऑक्टोबर, दुपारी २.००

उसगावचो, वर्मचा विचार चांगला आहे, पण इथे नको. वर्मला एकच दाता धरतात, म्हणून जोर प्रचंड मिळतो, पण घर्षणात बराच जातो आणि गाडी इतकी सावकाश होते की बघणाऱ्याचा धीर सुटतो. मुख्य म्हणजे चाकांकडून तो उलटा फिरवता येत नाही. तुझ्या नरकासुराच्या हाताला हाच गुण हवा आहे, पण गाडी हाताने ढकलली तर चाकं अडून बसतील. बाबांना गाडी हातात घेऊन पुढे-मागे करावीशी वाटणारच.

ताई, आता दुरुस्ती. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एकात एक मिसळू नका.

पहिली दाते सुटण्याची. डिफरन्शियल ५ बाय ७ च्या चौकटीत बसवा. ती चौकट एकसंध तुकडा आहे, पिनने जोडलेल्या चार बीमसारखी फाकत नाही. १२ चा अ‍ॅक्सल चौकटीच्या भोकातून येऊ द्या, पुढे आणखी एका बीममधून न्या, आणि गिअर व चौकट यांच्यामध्ये अर्धा बुश घाला. तो ४ मिमीचा असतो. साखळीकर काकांचा शिम तोच. दुसऱ्या बीमच्या अलीकडेही एक पूर्ण बुश घाला, म्हणजे अ‍ॅक्सलला मागे पळायला वाट राहणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही, पण ती पुढे त्रास देईल. तुम्ही १२ आणि २० ची जोडी मोटरपाशी लावलीत. म्हणजे जोर १.६७ पट वाढवून मग तो लांब शाफ्टमधून आणि युनिव्हर्सल जॉइंटमधून पाठवताय. प्लॅस्टिकचा अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा दांडा तो, पिळला जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एका रेषेत पांढरी खूण करा, चाक अडवा आणि मोटर चालवा. खुणा एकमेकींपासून सरकलेल्या दिसतील.

तीच जोडी उचलून मागे अ‍ॅक्सलवर न्या. एकूण गिअर ३.८९ च राहील, पण शाफ्टवरचा पीळ पूर्वीच्या ६० टक्के होईल. शाफ्ट जास्त वेगाने आणि कमी जोराने फिरेल, सांध्याला तेच सोसतं.

तांबडीमाती | ६ ऑक्टोबर, रात्री ९.१०

पण मग शाफ्ट मध्यावर कसा येणार? जोडी मोटरपाशी ठेवली होती ती त्यासाठीच.

गिअरदांडी | ६ ऑक्टोबर, रात्री ९.४५

येऊ नका देऊ. शाफ्ट २ स्टड उजवीकडूनच मागे जाऊ द्या. मागे पोचल्यावर १२ आणि २० ची जोडी त्याला २ स्टड डावीकडे, म्हणजे मध्यावर आणेल. ६ अधिक १०, १६ मिमी.

तांबडीमाती | ६ ऑक्टोबर, रात्री ९.५२

!!! सात महिने ती जोडी माझ्या डोळ्यांसमोर होती.

गोदाकाठ | ८ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

नाशिकहून वाचतोय. धागा पहिल्यापासून वाचला. ताई, एवढी मांडणी आधी कागदावर केलीत की संगणकावर? आणि रिमोट कुठला?

तांबडीमाती | ८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

बॉडी संगणकावर केली, ब्रिकलिंकच्या स्टुडिओमध्ये. ते फुकट आहे, आणि कुठल्या रंगाचा तुकडा किती लागणार याची यादी देतं. पांढरे तुकडे ठिकठिकाणाहून थोडे थोडे मागवले. एका विक्रेत्याकडचे जुने पॅनेल पिवळट निघाले, ते मी आतल्या बाजूला, मागच्या सीटखाली वापरलेत. चेसिस मात्र हातानेच. पडद्यावर दोन गिअर शेजारी छान दिसतात, पण ते एकमेकांना ढकलतात हे पडदा सांगत नाही.

रिमोट पॉवर फंक्शन्सचाच, इन्फ्रारेडवाला. घरात उत्तम चालतो. अंगणात ऑक्टोबरच्या उन्हात मात्र हातभर अंतरावरूनही ऐकत नाही. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यात रिमोटचा सिग्नल बुडतो. उतार तर अंगणातच. आम्ही सध्या ऊन कलल्यावर, साडेपाचनंतर चाचणी घेतो. रिसीव्हर मागच्या काचेच्या आत, छपराच्या सावलीत बसवलाय, त्याने थोडा फरक पडला.

गिअरदांडी | ९ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

उन्हात चालवायची तर शेवटी ब्लूटूथवर जावं लागेल. २०१९ पासूनच्या टेक्निक हबमध्ये सहा सेल आणि चार मोटरची सोय एकाच डब्यात आहे, पण त्याचे प्लग वेगळे, तुमची एल मोटर त्याला थेट लागत नाही. जुन्या मोटरना चालणारे ब्लूटूथ रिसीव्हर दुसऱ्या कंपन्यांचे मिळतात, त्यातला एक तुमच्या इन्फ्रारेड रिसीव्हरच्या जागी बसेल.

आणि पावसाळ्यात काढून ठेवाल तेव्हा सेल आत ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बॅटरी बॉक्सच्या पत्र्यांना हिरवी बुरशी धरल्यासारखी पुटं चढतात. माझा एक बॉक्स असाच गेला. पांढरी गाडी खिडकीतल्या उन्हातही ठेवू नका, पिवळी पडते.

शेवंती | १२ ऑक्टोबर, रात्री ९.००

गिअरदांडी, तुम्ही सांगितलं तसं मुलाला दोन गिअर आणि दांडा दिला. काल त्याने त्यावर दोरा गुंडाळून पाण्याची बाटली टेबलावर ओढून घेतली. आता ४० दात्यांचा गिअर मागतोय. ताई, तुमच्या गाडीचं काय झालं?

तांबडीमाती | १९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

उशीर झाला, मागचा अ‍ॅक्सल तीनदा सोडवून बांधला.

पहिल्यांदा ५ बाय ७ चौकट घातली आणि चाकं ३ मिमीने बाहेर आली, चाकावरच्या कमानीला घासायला लागली. दुसऱ्यांदा ते जमलं, पण १२ आणि २० ची जोडी अ‍ॅक्सलवर आल्याने तो भाग इतका जड झाला की शॉकअप दबून गाडी मागून बसली. तिसऱ्यांदा कडक स्प्रिंग घातले.

अर्धा बुश घालून पुन्हा खडूची पूड लावली. या वेळी पुसलेली पट्टी दाताच्या मध्यावर होती, साधारण दीड मिमी रुंद. काका, फोटो खाली दिलाय, ठसा बरोबर आहे का सांगा.

शाफ्टच्या खुणांचाही प्रयोग केला. आधीच्या मांडणीत चाक अडवल्यावर दोन्ही टोकांच्या रेषा घड्याळात बारा आणि दोन वाजावेत इतक्या सरकत होत्या. आता बारा आणि जेमतेम एक.

उतारावर उद्या संध्याकाळी.

साखळीकर | २० ऑक्टोबर, सकाळी ६.५०

ठसा बघितला. बरोबर आहे. माझ्या गॅरेजात असतीस तर या कामावर मी दुसऱ्यांदा हात फिरवला नसता.

एक सांगतो. चढावर टाकण्याआधी दहा मिनिटं सपाटीवर पुढे-मागे चालव. नवीन क्राऊन-पिनियन बसवला की आम्ही पहिल्या दिवशी घाटात गाडी घालत नसू. तुझ्या प्लॅस्टिकला त्याची गरज असेल-नसेल, पण सवय चांगली.

तांबडीमाती | २० ऑक्टोबर, रात्री ८.२५

चढली.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी दहा मिनिटं सोप्यासमोरच्या लादीवर चालवली. मग पावणेसहाला उताराच्या तळाशी ठेवली. पुढची चाकं वर गेली. मागची कडेला टेकली, गाडी तिथे क्षणभर थांबली, मोटरचा आवाज खोल गेला, आणि मग मागचा भाग एकदम उचलून वर आला. टक-टक नाही. उतारावर मध्ये ओली पानं होती, तिथे एक चाक जागेवर फिरलं, कारण डिफरन्शियल उघडं आहे, ज्या चाकाला पकड नाही तिकडे सगळा जोर पळतो. बाबा म्हणाले की चिखलात खरी गाडीही हेच करायची. पानं बाजूला केली, गाडी वर आली. मग पुन्हा, पुन्हा. नऊ वेळा.

नवव्या खेपेनंतर बाबांनी ती मांडीवर घेतली. ड्रायव्हरची सीट मी बिजागरीवर ठेवली आहे, ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी सवयीने बोट सीटच्या पुढच्या कडेखाली घातलं आणि उचलली. खाली मोटर. तिच्यावर दोन बोटं टेकवून थोडा वेळ तशीच धरली.

"तापल्या गो," म्हणाले. "मातशें थांब, मागीर चलय."

आम्ही थांबलो. मोटर निवेपर्यंत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, मी ती आधी कधी ऐकली नव्हती: अनमोडच्या घाटात रात्री गाडी तापली तेव्हा प्रवाशांच्या फिरकीच्या तांब्यातलं तीर्थ रेडिएटरमध्ये ओतून ते खाली आले होते.

उसगावचो | २० ऑक्टोबर, रात्री ८.४०

ताई!! व्हिडिओ टाका. वाड्यावर सगळ्यांना दाखवतो.

गिअरदांडी | २० ऑक्टोबर, रात्री ९.१५

मनापासून अभिनंदन. दार राहिलंय ना?

तांबडीमाती | २० ऑक्टोबर, रात्री ९.३०

हो, सरकतं दार. खऱ्या गाडीत ते आधी थोडं बाहेर येतं आणि मग रुळावरून मागे जातं. रूळ करून बघितला, ८ मिमीच्या मापात तो एक तर अडकतो नाहीतर दार लोंबतं. सध्या दोन ५ भोकांचे बीम समांतर लावून त्यावर दार टांगलंय. दोन्ही बीम एकत्र वळतात, म्हणून दार गाडीला समांतर राहून बाहेर येतं आणि मागे जातं. भोकापासून भोकापर्यंत ३२ मिमी, अर्धा फेरा झाला की दार ६४ मिमी मागे. पण मध्यावर ते ३२ मिमी बाहेर निघतं, खरं दार इतकं बाहेर येत नाही. बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले की बाजूला उभी असलेली पायलटची (मोटारसायकल-टॅक्सीवाल्याची) मोटारसायकल पडेल.

रुळाचं कोणाला सुचत असेल तर इथेच लिहा. आवाजही हवा आहे, शेवंतीताई म्हणतात तो.